भिंगावरचं खोबरेल

मित्रांनो, आता मी दमलो आहे. मुलुंडच्या एका दवाखान्यातल्या कपाटात, अगदी खालच्या खणात पडून असलेला मी एक सूक्ष्मदर्शक. पितळ काळवंडलं, स्क्रू कुरकुरतात. तरी एक सकाळ तुम्हाला सांगायची राहिली आहे.

परदेशात माझी भिंगं घडली आणि बोटीने मी इकडे आलो. डॉक्टर विद्याधरांनी मला खिडकीशी ठेवलं. खालच्या आरशाने उजेड वर घ्यायचा, लहान भिंगाने जागा शोधायची, मग मोठं भिंग फिरवायचं. सगळ्यांत मोठ्या भिंगाला काचपट्टीवर देवदाराच्या तेलाचा थेंब लागतो. सुरुवातीला डॉक्टर मला रोज पुसत. पुढे पेशंट वाढले, माझं काम कंपाउंडर काशीरामकडे गेलं आणि पुसणं कुणाकडेच राहिलं नाही.

१९५४ सालचा जानेवारी. सकाळी चांगलाच गारठा होता. वसुधाबाई चार वर्षांच्या प्रेमाला कडेवर घेऊन आल्या. पोरीला एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप येत होता. आदल्या दिवशी तिचं रक्त तपासायला दिलं होतं.

"काही नाही सापडलं, बाई. साधा ताप," काशीराम म्हणाला.

"साधा ताप असा दिवस धरून येतो? मला बघू दे." बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेल्या.

"हे काय दुधाचं पातेलं आहे, वाकून बघायला?"

"पातेल्यावरून नजर हटवून चालत नाही, काशीराम. सरक."

त्यांनी डोळा लावला. सगळं धुरकट. मग त्यांनी बाजूने पाहिलं. माझ्या भिंगावर पांढरा थर होता. तसाच थर त्यांनी तासाभरापूर्वी घरी पाहिला होता. प्रेमाच्या केसांसाठी बाटली उन्हात धरावी लागली होती.

"अरे, हे खोबरेल आहे! थिजलंय!"

"देवदाराचं संपलं. म्हटलं, तेल ते तेल."

डॉक्टर आतून आले. त्यांनी भिंग आणि काचपट्टी झायलिनने, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवाने, हलकेच पुसली, स्वतःच्या खणातली देवदाराच्या तेलाची कुपी काढली.

"बाजूने बघत भिंग खाली घ्या हं," बाई म्हणाल्या. "काच फुटली तर पुन्हा सुई टोचावी लागेल तिला."

डॉक्टरांनी बारीक स्क्रू फिरवला. रक्ताच्या पेशींमध्ये इवल्या निळसर अंगठ्यांसारखे जंतू उमटले.

"मलेरिया. वहिनी, आत्ताच गोळ्या सुरू करू."

प्रेमा बरी झाली. काशीरामने महिनाभर मला नेमाने पुसलं. मग विसरला. पुढे नवं यंत्र आलं.

तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊबंद असेल. काम झालं की त्याच्या भिंगावरचं तेल पुसा, वर झाकण घाला. माझं काय, मी पितळ आणि काच. पण माझा डोळा मळला की मी खोटं बोलतो, मित्रांनो, आणि समोर कुणाची तरी आई उभी असते.