गेटाकडची खुंटी

सासरा आणि सून यांचे वैर भांडणावर जगत नाही. ते अबोल्यावर जगते, आणि अबोला जितका नीटनेटका तितके वैर दीर्घायुषी. त्या घरात तो नऊ वर्षे अत्यंत नीटनेटका राखला गेला होता. सासऱ्याने जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. खांद्यावर मोजणीची साखळी टाकून हिंडण्यात हयात गेली म्हणून सारी गल्ली त्यांना साखळीनाना म्हणे. सून लोकांच्या घरांची अंगणे आखून देई: फरशी कुठे, सावली कुठे, माणसाने बसायचे कुठे आणि बसल्यावर त्याला दिसायचे काय. दोघांनाही सुतभर चूक खपत नसे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे म्हणतात. इथे राहत होत्या, आणि म्यानाचे काय होते ते मुलाकडे पाहून कळत असे. दोघांचे जे काही बोलणे व्हायचे ते त्याच्यामार्फत. नाना समोर पेपर वाचत असले तरी सून नवऱ्याला म्हणायची, "त्यांना सांग, चष्मा फ्रिजवर राहिलाय."

नऊ वर्षे दुसऱ्यांची अंगणे सजवल्यावर सुनेने एके दिवशी स्वतःच्या अंगणाचा कागद टेबलावर पसरला. घरासमोर फरशी, कडेने झाडांचे वाफे, मधोमध लाकडी मांडव, खाली बैठक. नानांनी तो कागद घरात कोणी नसताना पाहिला. फरशीला त्यांची हरकत नव्हती, मांडवालाही नव्हती. त्यांचे डोळे अडकले ते रस्त्याच्या कडेने, कोपऱ्यापासून थेट गेटापर्यंत गेलेल्या दोन समांतर रेघांवर. कागदावर दोन समांतर रेघा म्हणजे भिंत. चाळीस वर्षांच्या नोकरीत या गोष्टीला अपवाद त्यांनी पाहिला नव्हता.

आता त्या जागी तारेचे कुंपण होते आणि कुंपणाच्या आत, गेटाला लागून, नानांची खुर्ची. संध्याकाळी साडेपाचला कोपऱ्यावरचा घड्याळजी दुकान बंद करून त्या वाटेने घरी जायचा. तो कुंपणापाशी थांबे, तारेवर कोपर टेके, आणि दोघे वीस मिनिटे कडाकडा भांडत. विषय कोणताही चाले. बायको गेल्यापासून नानांशी दिवसभरात समोरासमोर बोलणारा तो एकच माणूस होता, आणि तोही घरात पाऊल टाकणारा नव्हता. सूनबाईच्या कपाळावरच्या आठ्या त्याने एकदा पाहिल्या होत्या. तेवढ्या त्याला जन्माला पुरल्या. भिंत उभी राहिली की ती वीस मिनिटे संपणार, हे नानांनी ताडले. विचारायला जाणे म्हणजे नऊ वर्षांच्या अबोल्यात हार पत्करणे. ते विचारायला गेले नाहीत.

गवंडी आला त्या सकाळी सुनेने स्वतः टेप धरून खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि ती कामाला निघून गेली. दुपारी गवंडी डबा खायला मागच्या बाजूला गेला. नाना उठले. हद्दीचा दगड हातभर सरकवावा म्हणून लोकांनी त्यांच्या पायावर डोकी ठेवली होती, एकाने अंगावर कुऱ्हाड घेऊन येण्यापर्यंत मजल मारली होती. नाना बधले नव्हते. आज मात्र कोणी न सांगता त्यांनी गेटाकडची खुंटी उपटली, चार फूट अलीकडे ठोकली, दोरी पुन्हा ताणून बांधली आणि जुने भोक चपलेने बुजवले. चार फूट म्हणजे एक खुर्ची आणि पलीकडे एक कोपर. माप अचूक पडले.

गवंडी कागद बघत नसे, खुंटी बघे. संध्याकाळपर्यंत त्याने दोन थर चढवले.

सून पाचला आली. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून तिने एका नजरेत काय ते ओळखले, टेप लावला आणि टेप मिटता मिटता गवंड्याला फैलावर घेतले. हातगाडी आत आणताना खुंटी आडवी आली असणार, ती त्याने उपटली असणार आणि परत अंदाजपंचे ठोकली असणार, असा तिचा निष्कर्ष होता. गवंडी म्हणाला, दोरी तुम्ही दिलीत तिला धरून बांधलंय. ती म्हणाली, म्हणजे मी खोटी. तिच्या निम्म्याअधिक कामांवर हाच गवंडी असे, आणि उद्यापासून कोणत्याही कामावर येऊ नकोस, असे तिने त्याला शांतपणे सांगितले. तिचा शांतपणा आरडाओरड्यापेक्षा वाईट असे.

गवंड्याने थापी खाली ठेवली. त्याने एकदाच नानांकडे पाहिले आणि मान खाली घातली. त्याला कळले होते.

मग सून वळली. नऊ वर्षांत प्रथमच मधला दुभाषी वगळून तिने विचारले, "नाना, तुम्ही दिवसभर इथेच असता. याने खुंटी हलवलेली पाहिलीत?"

नुसते 'हो' म्हटले असते तरी निभावले असते. 'लक्ष नव्हतं' हे तर त्याहून सोपे.

"त्याने नाही," नाना म्हणाले. "मी हलवली."

"किती?"

"चार फूट."

"बरोबर चार," ती म्हणाली. "माप नाही चुकलं हो तुमचं. कशासाठी?"

"खुर्चीपुरती जागा. भिंत गेटापर्यंत गेली की मला रस्ता दिसणार नाही."

तिने पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली आणि वरचा कागद उलटला. खालच्या कागदावर तेच अंगण समोरून काढलेले होते, आणि त्या दोन रेघांच्या जागी जमिनीपासून सोळा इंच उंचीचा, वर गुळगुळीत दगड बसवलेला, ऐसपैस कट्टा होता.

नानांनी तो कागद पाहिलाच नव्हता. उलटून पाहावे असे त्यांच्या मनातही आले नव्हते. जन्मभर त्यांनी जमीन आकाशातून पाहावी तशी पाहिली होती; लांबी आणि रुंदी एवढेच त्यांच्या खात्याचे जग. तिथे शेताचा बांध आणि किल्ल्याचा तट एकाच रेघेने दाखवत.

"पहिल्या नकाशात भिंतच होती," सून म्हणाली. "सहा फुटी. येणाऱ्याजाणाऱ्याने माझ्या घरात डोकावलेलं मला आवडत नाही. तुमचा मुलगा पंधरा दिवस माझ्या मागे लागला होता, नानांचं बसणं जाईल म्हणून. त्याच्या शब्दाखातर मी ती खाली आणली. पाया तेवढा भिंतीला पेलेल असाच ठेवला." ती गवंड्याकडे वळली. "तू उद्या ये. मघाचं विसर. गेटापर्यंत ने, आणि सहा फूट चढव."

मुलगा याच वेळी दारात पोचला होता. "अगं, पण नानांनी कबूल तर केलं ना," असे तो म्हणाला.

"केलं. म्हणून गवंडी उद्या येतोय. त्यांच्या खरेपणाची किंमत मी त्याला दिली, त्यांना कशाला देऊ?"

या युक्तिवादात नानांना फट सापडेना. त्यांनी रात्रभर शोधली.

भिंत चार दिवसांत वर आली. पहिल्या दिवशी घड्याळजी विटांवर कोपर टेकून भांडला. तिसऱ्या दिवशी त्याची फक्त टोपी दिसत होती आणि तो टाचा उंचावून म्हणत होता, "नाना, अहो सिमेंट ओलं आहे तोवर दोन विटा काढून घ्या की." नाना त्याच्यावर खेकसले. चौथ्या दिवशी तो थांबला नाही. किंवा थांबला असेल, ते आतून कळण्याजोगे राहिले नव्हते.

शेवटच्या थराआधी गवंड्याने आजूबाजूला पाहिले. सून आत फोनवर होती. तो खुर्चीपाशी वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "नाना, तुम्ही माझं काम वाचवलंत. खुर्चीच्या समोरची एक वीट सुकीच बसवलीय. माल लावला नाहीये. काढली की निघेल, लावली की कुणाच्या बापाला कळायचं नाही."

नाना उठले. त्यांनी वीट शोधून काढली, बोटाने चाचपली. ती खरोखर हलत होती. पलीकडून कोणाच्या तरी चपला वाजत गेल्या.

"हे नकाशात आहे का?" त्यांनी विचारले.

"नकाशात कसं असेल, नाना?"

"मग माल लाव," नाना म्हणाले, आणि लावून होईपर्यंत तिथेच उभे राहिले.