नारळ फुटण्याआधी

रेडिओच्या जाळीची खालची भोकं पिठाने बुजली होती, वरची मोकळी होती. त्यामुळे बोलणाऱ्याचा आवाज जरासा नाकातून येई. शकुनने काडीने एक भोक टोकरलं आणि चक्की बंद केली.

"अवो, दयण अर्धं रायलं न माहं!" वच्छलाबाई ओरडल्या.

"थांबा जराशा. सवाल सुरू झाले."

दुपारच्या या कार्यक्रमात लोक फोन करत आणि एक वकीलबाई उत्तरं देत. आधी शकुन तो नुसता सोबतीला लावत असे.

उन्हाळ्यात एका बाईने विचारलं होतं, "आमच्या गावात सरपंच बिनविरोध करतेत. मंदिरात नारळ फुटला का मंग दुसरं कोणी अर्ज भरत नाही. भरला तं चालते काय?"

"नारळ गावाचा, अर्ज तुमचा," वकीलबाई म्हणाल्या होत्या. "भरा की."

शकुनच्या गावातही हीच रीत होती. त्या दिवशी तिने एकाच्या ज्वारीवर दुसऱ्याचा गहू ओतला.

यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. गाव ज्यांना काकाजी म्हणे त्या महादेवरावांनी आपल्या सुनेचं, आरतीचं नाव ठरवलं होतं. नारळ आज संध्याकाळी फुटणार होता.

"काहून येरझारा घालून राह्यली?" नवऱ्याने, किशोरने विचारलं. "काकाजी बिनसले तं अर्ध्या गावाचं दयण वलगावच्या चक्कीवर जाईन. रेडिओवाली बाई येईन काय आपलं लाइटबिल भराले?"

"मी काई बोलली काय?"

"बोलत नाही, त्याचंच भेव वाटते."

संध्याकाळी मंदिरात पुरुष सभामंडपात बसले, बाया पायऱ्यांवर.

"आरती कुठी हाय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"घरी. सभेचा चहा ठेवून राह्यली," मागून कोणीतरी म्हणालं. बाया पदराआड हसल्या. शकुनला हसू आलं नाही. ती मनगटावरचं पीठ पुसत राहिली. ते केव्हाच निघालं होतं.

महादेवरावांनी नारळ उचलला. "कोणाचं काई म्हणणं?" ते दरवेळी असंच विचारत, आणि विचारतानाच त्यांचा हात वर जाई.

शकुन उठली. मंडपातल्या किशोरने मान खाली घातली.

"काकाजी, नारळ खाली ठेवा," ती म्हणाली. आवाज चक्कीवर बोलायच्या सवयीचा, मोठा निघाला. "मी बी अर्ज भरीन."