एक्केचाळीस षटकार

निरवांगीच्या मैदानावर सरुबाईची जागा ठरलेली होती. लाँग ऑनच्या सीमेला, पांढऱ्या फक्कीच्या रेषेपासून चार हातांवर, बाभळीच्या सावलीत. पोतं अंथरायचं, पाण्याची कळशी शेजारी ठेवायची आणि बॅटरला ओरडून सांगायचं, "इकडं मार, माझ्याकडं!" गेली पंचवीस वर्षं ती हेच करत आली होती. शेजारी नवरा सावळाराम. गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण चेंडू बॅटच्या मधोमध लागला की कडेला, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा.

याच सावळारामनं अठ्ठ्याण्णव साली निरवांगी चषकात सत्तावीस षटकार मारले होते. मैदानाच्या कडेला पत्र्याचा फलक होता, त्यावर हे नाव चोवीस वर्षं एकटं राहिलं. मग तीन वर्षांपूर्वी बारामतीच्या एमआयडीसी संघाचा रणजित आला. आदल्या वर्षी काडीपैलवान दिसणारा हा पोरगा त्या वर्षी दंडाला शर्ट फाटेल असा होऊन आला आणि एका स्पर्धेत एक्केचाळीस षटकार ठोकून गेला. एक चेंडू तर पलीकडच्या उसात पडला, तो सापडलाच नाही.

सहा महिन्यांत कळलं. रणजित दवाखान्यात होता, यकृत सुजलं होतं. बरा झाल्यावर त्यानं स्वतःच मोबाइलवर व्हिडिओ करून सांगितलं, की व्यायामशाळेतल्या एकाकडून तो चार महिने इंजेक्शनं घेत होता. त्यानंतर तो खेळला नाही. फलकावरचं नाव मात्र तसंच राहिलं, आणि त्यावरून गाव दुभंगलं.

चहाच्या टपरीवर रोज तोच विषय. महिपती म्हणायचा, "आरं, सुई दंडात जाती, नजरंत न्हाय. चेंडू दिसाय नको व्हय?"

"मग तूबी टोचून घे की. तुझा एक तरी जातोय का बघू हद्दीपार," दिग्विजय उसळायचा.

"तवा तसा नियम कुठं हुता?"

"नियम न्हवता म्हणून काय झालं!" हा आवाज सरुबाईचा. ती दूध घालून डेअरीवरून परतताना टपरीशी थांबायचीच. "आमचं मालक दिवसभर ऊस तोडून खेळाय यायचं. बाउंड्री तवा पार बांधापतुर हुती. आन् ह्यो औषध टोचून आला. नाव पुसा त्याचं!"

सावळाराम कधी बोलायचा नाही. घरी आल्यावर ती त्यालाही बोलायची, "आवं, तुमाला काय वाटतंय का न्हाय?" तो म्हणायचा, "मारलं तर हुतं त्यानं." तिला याचा फार राग यायचा.

यंदा समर्थ आला. निरवांगीचाच पोरगा. आजोबांच्या काळी घरात शंभर मेंढरं होती, आता दोन एकर ऊस आणि टेम्पो. सावळारामनं त्याला चार वर्षं बांधावर चेंडू टाकून शिकवलं होतं. अंगानं सडसडीत, पण मनगट असं की चेंडू लागला की गेलाच. पहिल्या सामन्यात सात, दुसऱ्यात नऊ. सेमीफायनल संपली तेव्हा पस्तीस झाले होते. फायनलला रविवारी इंदापूर, वालचंदनगर, नरसिंहपूरपासून माणसं आली. मोटारसायकली लावायला जागा उरली नाही. समोर संघ कुठला, तर बारामती एमआयडीसीचाच.

आणि कमिटीनं रणजितला पाहुणा म्हणून बोलावलं.

"कशाला? ओवाळायला?" सरुबाई कडाडली.

पण रणजित स्टेजवर बसलाच नाही. नारळ आणि टोपी घेतली, आणि चालत थेट लाँग ऑनला आला. अंग आता उतरलं होतं, गालाची हाडं दिसत होती. बाभळीच्या सावलीला, सरुबाईपासून दोन हातांवर तो जमिनीवर बसला.

"हितंच का?" तिनं विचारलं.

"षटकार हितंच येत्यात, मावशी," तो म्हणाला. "तितं स्टेजवरनं काय दिसतंय?"

तिनं पोतं थोडं बाजूला ओढून घेतलं.

एमआयडीसीनं आठ षटकांत शंभर केले. निरवांगीची सुरुवात वाईट झाली, दोन षटकांत तीन गडी गेले. मग समर्थ सुटला. एक स्टेजच्या मांडवावर, एक ट्रॅक्टरच्या हुडवर, एक थेट सरुबाईच्या डोक्यावरून. लाउडस्पीकरवर इंद्रजित आकडा ओरडत होता, "सदतीस! आडतीस!" आणि लोक त्याच्यामागून तोच आकडा म्हणत होते. हलग्या वाजत होत्या. चाळीसावा गेला तेव्हा सरुबाईनं कळशीच पुढ्यात ओढली आणि तिच्यावर ताल धरला. रणजित उभा राहून टाळ्या वाजवत होता, हे तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शेवटचं षटक. जिंकायला सतरा.

पहिला चेंडू. समर्थनं पाय काढला आणि मिडविकेटवरून उचलला. चेंडू वर गेला, आणखी वर गेला, आणि लोकांच्या गर्दीतच उतरला.

"एक्केचाळीऽऽस! बरोबरी!" इंद्रजितचा आवाज फाटला.

दुसरा चेंडू हुकला. तिसऱ्यावर एक धाव, चौथ्यावर जोडीदारानं एक काढून समर्थला परत स्ट्राइक दिली. दोन चेंडू, नऊ धावा. आणि विक्रमाला एक षटकार.

पाचवा चेंडू पायाशी आला. समर्थनं खणून काढला. चेंडू सरळ लाँग ऑनला, सरुबाईच्या दिशेनं. क्षेत्ररक्षक उलटा पळत आला, घसरला, तोंडावर पडला. चेंडू त्याच्या पलीकडे टप्पा घेऊन बाभळीच्या खोडावर आदळला.

मैदान फुटलं. "बेचाळीस! बेचाळीस!" पोरं आत धावली. महिपतीनं दिग्विजयला खांद्यावर घेतलं. ज्या रणजितसाठी तो तीन वर्षं भांडला, त्याच रणजितचा विक्रम मोडला म्हणून तो नाचत होता.

पण अंपायरनं हात वर केले नव्हते. तो धावत सीमेवर आला. पडलेल्या खेळाडूला काही दिसलं नव्हतं. कॅमेरा होता तो बॉलरच्या मागं, त्यात फक्की दिसत नव्हती.

"टप्पा कुठं पडला?" अंपायरनं विचारलं.

"भायेर! भायेर!" पन्नास जण एकदम.

"आत पडला," रणजित म्हणाला.

क्षणभर कुणाला समजलंच नाही कोण बोललं ते.

"फक्कीच्या वीतभर आत. चौकार हाय," तो पुन्हा म्हणाला.

मग जो गलका झाला! "आपलं नाव वाचवतोय!" "लबाड! आदी सुई, आता ह्ये!" कुणीतरी त्याच्या अंगावर बाटली फेकली. रणजित हलला नाही. त्यानं दाखवलेलं बोट तिथंच होतं, फक्कीच्या आत.

अंपायर सगळ्यांकडे बघत होता. सरुबाईला कळलं, तो आता षटकार देणार. एकाचं ऐकायचं की पन्नासांचं? आणि तो एक कोण, तर रणजित.

पण तिनं पाहिलं होतं. चेंडू पडला तशी माती उडाली होती, लाल माती. फक्कीवर किंवा फक्कीबाहेर पडता तर पांढरी भुकटी उडाली असती, किंवा गवत हललं असतं. लाल माती फक्त आतच होती. तिनं गप्प बसायचं, एवढंच काम होतं. ते नाव आपोआप खाली गेलं असतं.

तिनं सावळारामकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता.

"मला न्हाय दिसलं," तो हळू म्हणाला. "तुला दिसलं का?"

सरुबाई उठली. पदर खोचला.

"ओ अंपायर!" तिचा आवाज गलक्यावर गेला. "आत पडलाय. म्या बघितलंय. लाल माती उडाली. चौकार द्या."

"आवं काकी, काय बोलताय!" दिग्विजय ओरडला. "तुमी? तुमी त्याच्या बाजूनं?"

"म्या कुणाच्या बाजूनं न्हाय. चेंडू जितं पडला तितं पडला!"

आता कोण काय बोलणार? रणजितला सगळ्यात जास्त शिव्या घालणारी बाईच हे सांगत होती. अंपायरनं हात आडवा हलवला. चौकार. पाच हव्यात, चेंडू एक.

सरुबाई खाली बसली. मागून कुणीतरी म्हणालं, "हिच्यामुळं हारणार आता." ती वळली नाही.

शेवटचा चेंडू. हलग्या थांबल्या. समर्थनं एकदा लाँग ऑनकडे पाहिलं. बॉलर धावला. फुलटॉस! समर्थनं सगळं अंग लावलं.

"मधोमध न्हाय लागला," सावळाराम पुटपुटला. "थोडा टोकाला."

चेंडू सरळ उडाला. रणजित, सरुबाई, महिपती, सगळे उभे. "जा! जा! जा रं!" सीमेवरच्या खेळाडूनं उडी मारली, चेंडू त्याच्या बोटांना लागला, निसटला, आतच पडला आणि गडगडत फक्की ओलांडून गेला.

चौकार. दोन्हीकडं शंभर. सामना बरोबरीत, विक्रमही बरोबरीत!

कुणी ओरडत होतं, कुणी कपाळ बडवत होतं, कुणी दोन्ही एकदम करत होतं. सूर्य उसावर टेकला होता, म्हणून कमिटीनं चषक दोघांत वाटून दिला. समर्थ धापा टाकत बाभळीखाली आला आणि सावळारामच्या पाया पडला.

"तात्या, पाचवा बॅटवर बसला न्हवता. मला वाटलंच हुतं," तो म्हणाला. मग सरुबाईकडे बघून हसला. "काकी, तुमी लई आडवं आलात बरं का."

"पुढच्या साली लांब मार. मग मला इचारायची पाळीच येणार न्हाय."

रणजित टोपी हातात धरून उभा होता. "मावशी, लई उपकार झालं."

"उपकार कसलं?" ती फटकन म्हणाली. "तुझं एक्केचाळीस मला अजून मान्य न्हायती. मरंपतुर न्हाय हुणार. पर आज खरं बोललास, तेवढं मान्य." मग तिनं विचारलं, "यकृत कसं हाय आता?"

"बरं हाय. तेल-तिखट बंद."

"लेका, तुझं वय काय आन् पथ्य काय," ती म्हणाली, आणि कळशीत उरलेलं पाणी तिनं त्याच्या ओंजळीत ओतलं.

पुढच्या रविवारी इंदापूरहून पेंटर आला, आणि फलकाभोवती पुन्हा गाव जमलं. दिग्विजय म्हणाला, रणजितचं नाव काढा, एकटा समर्थ ठेवा. महिपती म्हणाला, दोन्ही ठेवा, आकडा आकडा असतो. समर्थ म्हणाला, "त्याचं पुसलं तर म्या बरोबरी कुणाशी केली?" भांडण वाढत गेलं, तेवढ्यात मोटारसायकल थांबली आणि रणजित उतरला.

"माझ्या नावाम्होरं लिवा," तो पेंटरला म्हणाला, "इंजेक्शन घेऊन."

मग एकदम सगळेच बोलू लागले. अक्षरं किती मोठी, लाल की काळी, नावाच्या पुढं की खाली? महिपतीला ती दिसायलाच नको होती, दिग्विजयला नावापेक्षा मोठी हवी होती. शेवटी पेंटर वैतागून सरुबाईकडे वळला.

तिनं फलकाकडे बराच वेळ पाहिलं. वर सावळारामचं नाव, सत्तावीसचा आकडा, उन्हानं फिका पडलेला.

"वाचाय यील येवढं," ती म्हणाली. "त्याच्याहून मोठं नको. आन् बाबा, त्ये सत्तावीस जरा ताज्या रंगानं काढ."

"पुढच्या साली समर्थचं पन्नास हुणार बगा, मावशी!" रणजित हसत म्हणाला.

"पन्नास? आरं, बाउंड्री मागं सरकवायला लावते मी!" सरुबाई उसळली. "पार बांधापतुर! मग कळंल कुणाच्या मनगटात काय हाय!"

आणि झालं, बाउंड्री किती असावी यावरून टपरीपर्यंत नवा वाद पेटला.