येळवशीचा घास

अंबिकानं पोळी-साखरेचा डबा घोंगडीखाली सरकवला आणि वर पाण्याची बाटली ठेवली. रानात कडब्याच्या कोपीसमोर येळवशीची, वेळ अमावास्येची, पूजा आटोपली होती. पंगत बसत होती. मोठी जाऊ महादेवी भज्जीचं पातेलं घेऊन निघाली होती. तूर, हरभरा, वाटाणा, वाल, मेथी, सगळं बेसनात एकजीव शिजलेलं.

अंबिकाची लेक अंजू आठ वर्षांची. एका चवीला दुसरी लागली की तिचा घसाच मिटायचा. गेल्या येळवशीला तिच्या आजोबांनी, गुंडप्पांनी, याच रानात तिला आपल्या हातानं भज्जीचा घास भरवला होता आणि तिनं तो पूजेसमोरच ओकला होता. या दिवशी रानात आलेलं माणूस उपाशी परतलं की काळी आई रुसते, असं मानणारे गुंडप्पा. त्यानंतर वर्षभरात फोनवर एकदाही "अंजूला दे" म्हणाले नाहीत.

सकाळी नांदेडहून रेणापूरला येताना अंजूनं गाडीत विचारलं होतं, "जबरदस्ती नाही ना?"

अंबिकानं नाही म्हटलं होतं.

"कुठं हाय तुझी महाराणी?" महादेवीनं पळी वर धरली. "का यंदा बी वासावरच पोट भरणार?"

"राहू द्या अक्का. मी बघते तिचं."

"तू बघून बघूनच काडी झाली पोरीची."

पंगत हसली. अंजूच्या पत्रावळीपुढं कुणीच नव्हतं. अंबिका उठली, तोवर गुंडप्पा उठले होते. त्यांनी द्रोणात भज्जी घेतली आणि हरभऱ्याकडं चालू लागले.

"अप्पा," अंबिका मागून धावली. "मी शब्द दिलाय तिला."

ते थांबले नाहीत.

अंजू हरभऱ्यात उकिडवी बसली होती. एक घाटा तोडून तिनं फोडला, हिरवा दाणा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून चावला. मग फ्रॉकला हात पुसले. थोडं थांबून ती बांधाच्या तुरीपाशी गेली. तिथं एक शेंग. पुन्हा हात पुसले. मग वालाचा दाणा, मेथीचं एक पान. शेवटी पुन्हा हरभरा, एक घाटा पलीकडच्या कोपऱ्यातला, एक अलीकडचा. कुठं घाई नाही. देवापुढं एकेक फूल वाहावं तशी.

अंबिका जागीच थबकली. गुंडप्पाही.

"इथला गोड आहे," वर न बघता अंजू म्हणाली. "त्या कोपऱ्यातला खारट."

गुंडप्पांनी द्रोण धरलेला हात हळूच खाली घेतला. ते कोपऱ्यात गेले, घाटा फोडून चावला. परत आले, इथला चावला. पुन्हा तिकडं गेले.

"तिथं चोपण होतं," ते अंबिकाकडं बघून म्हणाले. "उन्हाळ्यात पांढरं मीठ फुटायचं. ही जन्मायच्या आदी तळ्यातला गाळ आणून टाकला वर. आता बगून कुणाला कळंना." ते पुन्हा दाणा चघळत राहिले. "मला तर काईच लागंना."

अंबिकानंही दोन्हीकडचे दाणे चाखले. दोन्ही हिरवे, दोन्ही सारखे. तिनं कोपीकडं पाहिलं. पातेल्यातून वाफ निघत होती. एका दाण्यात जिला एवढं कळतं, तिला त्या पातेल्यात केवढा गलका ऐकू येत असेल. लेकीच्या तोंडात कोंबलेले सगळे घास तिला आठवले.

"खाल्लं का पोरीनं?" महादेवीनं पंगतीतून हाळी दिली.

गुंडप्पांनी अंजूच्या वाटेवर पडलेल्या टरफलांकडं पाहिलं. हरभऱ्याची, तुरीची, वालाची.

"खाल्ली," ते म्हणाले. "समदी भज्जी खाल्ली."

द्रोण त्यांनी अंबिकाच्या हाती दिला आणि गुडघ्यावर हात टेकत नातीशेजारी खाली बसले. अंजू थोडी मागं सरकली. त्यांनी तळहात पुढं केला. रिकामा.

"मला बी दे. तुज्यासारका एकेक."

अंजूनं फ्रॉकला हात पुसले.