अर्थिंगचं पाणी

माझी बायको शेवंता गेली त्याला दोन महिने झाले. शिरपूरच्या आमच्या घरात तिचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता, दाराच्या बेलमधल्या आयसीत, आवाज साठवणाऱ्या चिपमध्ये. ती बेल दोन वर्षांपूर्वी मीच बनवलेली. बटण दाबलं की शेवंता तिच्या अहिराणी ढंगात म्हणायची, "थांबा भाऊ, आत काम चालू शे." परवा व्होल्टेज वाढलं आणि बेलचं सर्किट जळालं. आयसी वाचली असेल तर ती काढून नव्या सर्किटवर बसवायची होती.

असली आयसी लाइट गेली तरी बोललेलं विसरत नाही. पण जानेवारीच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना अंगावर जी वीज चटचटते, ती आयसीच्या धातूच्या पायांना शिवली की संपलं. म्हणून तर रिपेरिंगच्या खोलीत मी शेवंताला दारातच अडवायचो. "नायलॉनची साडी नेसून टेबलाजवळ येऊ नको, हजारदा सांगितलं!" ती चहाचा कप चौकटीशी ठेवून निघून जायची. मी तसा खडूसच. पंधरा वर्षं तिला दारात उभं केलं आणि त्याला शिस्त म्हणत आलो.

स्वेटर बाहेरच काढून ठेवला. अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून मनगटाला अर्थिंगची वायर बांधायची होती. त्याआधी अर्थिंग नीट आहे का ते फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून बघायची माझी जुनी सवय. बल्ब लागलाच नाही. वायर बदलली, जोड घासले, स्वतःला शिव्या घातल्या. तरी नाही.

परसात गेलो. मीठ-कोळसा भरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्याला भेगा पडल्या होत्या. शेजारची तुळसही वाळलेली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की शेवंता एक तांब्या त्या खड्ड्यात ओतायची. खड्डा ओला राहिला तरच अर्थिंग चालतं, हे मी तिला एकदाच सांगितलं होतं, घर बांधलं तेव्हा. पुढे मी विसरलो, ती विसरली नाही. मला रडू आलं.

दोन बादल्या खड्ड्यात ओतल्या, एक तुळशीला. दुपारी बल्ब लख्ख लागला. वायर बांधून, श्वास रोखून आयसी उचलली, बसवली. बेल भिंतीवर लावली. वाजवून बघायला घरात दुसरं कोण होतं? मीच बाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं.

"थांबा भाऊ, आत काम चालू शे."

मी थांबलो. ती पंधरा वर्षं थांबली होती, मला पाच मिनिटंही झेपेना. आत कुणी नाही हे माहीत असून मी पुन्हा बटण दाबलं.