घराभोवती गुंडाळलेला चढ

जागा

वहिदाला घरकुल मंजूर झालं तेव्हा सणसरच्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला, "भावाशी वाजलं काय गं?"

वाजायचं कसलं! अफजलसारखा भाऊ दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. रोज सकाळी तो बहिणीला उचलून घराच्या पायऱ्या उतरवायचा, व्हीलचेअरवर बसवायचा आणि संध्याकाळी उचलून आत न्यायचा. लहानपणी अब्बा उचलायचे, मग मामू, आता अफजल. चाळिशी आली तरी वहिदाचा घरात जायचा रस्ता कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावरूनच होता.

अफजल इंदापूरच्या बाजाराला गेला आणि हायवेवर अडकला, की ती अंगणात बसून राही. आत भात शिजल्याचा वास येई. भावजय विचारी, "आपा, ताट बाहेर आणू?" आपल्याच दारात पाहुण्यासारखं जेवायचं.

म्हणून घर. खोली लहान चालेल, पत्रा चालेल, रंग नसला तरी चालेल. आत जाताना आणि बाहेर येताना कुणाचा हात लागता कामा नये.

जोतं

गेणबा गवंडी. चार गावांत त्याच्या जोत्याचं नाव. ज्याचं जोतं उंच त्याची मान उंच, ही इकडची रीत. आणि नुसती रीतच नाही, कालव्याच्या पाझराची काळी जमीन. बुटकं जोतं म्हणजे भिंतीला ओल ठरलेली.

"तात्या, जोतं जरा खाली घ्या की."

"खाली? पोरी, कॅनॉल सुटला की बेडकं निजायला येत्याल तुझ्या अंथरुणात."

"मग मी चढू कशी?"

"त्याचा घोर तुला कशाला? असा रॅम्प देतो, असा देतो, ट्रॅक्टर चढंल!"

इथंच माशी शिंकली.

चढ, पहिला

दारापासून रस्त्यापर्यंत सरळ. रस्ता जवळ, म्हणून चढ आखूड; चढ आखूड, म्हणून उभा. खाली दगडाची भर, वर सिमेंट, चाक घसरू नये म्हणून आडव्या रेघा. गेणबा कमरेवर हात ठेवून लांबून बघायचा, जवळून बघायचा. त्याच्या जन्मात त्यानं एवढा मजबूत चढ बांधला नव्हता.

पाणी मारणं

या भागात काही घडत नाही. सिमेंट ओलं आहे.

शेजारची कुशाबाई सकाळी गुडघे धरत येते, गोणपाटं भिजवते, "अगं आई गं" म्हणत जाते. कालव्यापलीकडच्या दुकानात वहिदा विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची तार भरते. जुनी काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी तांब्याची गुंडाळायची, वेढ्याला वेढा लावून. हात तिथं आणि मन इथं. मनातल्या मनात ती नव्या दाराला आतून कडी लावते, काढते, पुन्हा लावते.

चढ, पहिला (वाळल्यावर)

आधी अफजलनं मोटारसायकल चढवली. एका दूधवाल्यानं कॅनसकट गाडी चढवली. गेणबा म्हणाला, "बघा!"

मग वहिदा.

तिनं चाकांना रेटा दिला. खुर्ची अर्ध्यावर गेली, थांबली, पुढची चाकं उचलली गेली, आणि खुर्ची मागं सुटली. अफजलनं धावत येऊन धरली म्हणून बरं.

"आपा, सोड हात. मी नेतो वर."

"नको."

"अगं, रस्त्याला कुणी ना कुणी असतंय की," गेणबा म्हणाला. "हाक मारायची. येतंय माणूस."

"हाक मारूनच आत जायचं, तर अफजलचं घर काय वाईट हुतं, तात्या?"

"आरं पण ट्रॅक्टर चढतोय ह्याच्यावर!"

"ट्रॅक्टरला इंजिन असतंय. मला दंड हायत."

"मग दंडात जोर कमी पडतोय तुझ्या. बांधकामात खोट न्हाय."

वहिदा म्हणाली, "अफजल, मला त्या विटांच्या थप्पीवर ठेव. तात्या, तुमी बसा खुर्चीत."

"मी?"

"बसा की. तुमच्या दंडात हाय जोर."

गेणबा बसला. आयुष्यभर विटा उचललेले दंड ते. अर्ध्यापर्यंत झोकात गेला. तिथं शिरा ताठल्या, मान लाल झाली, चाकं उचलली; खुर्ची खाली आली ती गेणबाची एक वहाण गटारात टाकूनच.

"गेणबाराव," कुशाबाई म्हणाली, "इंजिन बंद पडलं जणू!"

रस्ता खदाखदा हसला. वहिदा हसली नाही. गेणबा तर नाहीच. त्यानं गटारातली वहाण काढली, झटकली आणि ती हातात घेऊनच गेला.

चढ, पाडलेला

दुसऱ्या दिवशी पहारीच्या आवाजानं गल्ली जागी झाली. गेणबा स्वतःचा चढ स्वतः फोडत होता.

वहिदा पोचली तेव्हा दाराखाली नुसता राडारोडा होता आणि दार वर टांगल्यासारखं. तात्या रुसला तर बाकीचं काम कोण करणार? हे घरही लांबून बघायचंच राहणार?

"तात्या, राग आला व्हय?"

"बोलू नगं माझ्याशी." पहार आपटली. पुन्हा आपटली. मग तो तिच्याकडं न बघताच म्हणाला, "तुला एकटीला चढता येतं, असं एक तरी ठिकाण हाय का ह्या गावात?"

"हाय."

कालव्याचा पूल

गावातून पुलाकडं जाणारा रस्ता. वहिदा रोज तिथूनच दुकानाला जायची, फोनवर बोलत, मधेच एका हातानं ओढणी सावरत.

"ह्याला चढ म्हणतीस?" गेणबानं विचारलं. जन्म गेला त्याचा ह्या रस्त्यानं, पण इथं चढ आहे हे पायांना कधी कळलं नव्हतं.

"मला कळतोय. पण जमतोय."

गेणबानं पिशवीतून पाण्याची नळी काढली. पातळी बघायला गवंडी वापरतात ती, पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक टोक वहिदाच्या हातात दिलं, दुसरं घेऊन तो पुलाकडं गेला. दोन्हीकडं पाणी एका पातळीला आलं तेव्हा त्यानं काठी लावून मापलं आणि मान हलवली.

"एवढा सावकाश चढ तुझ्या जोत्यापातुर न्यायचा तर लई लांबड लागंल. सरळ घातला तर रस्ता ओलांडून समोरच्याच्या सैपाकघरात शिरंल."

कालव्याचं पाणी वाहत होतं. वहिदा हातातल्या नळीकडं बघत राहिली.

"तात्या, एका मोटारीत तार किती बसती, बघितली का कधी? सरळ सोडली तर शिवाराच्या पार जाईल. पण बसती की एवढ्याशा डब्यात."

गेणबा थांबला. "गुंडाळायचा म्हणतीस?"

"घराभोवती."

चढ, दुसरा

मधे कुशाबाईची हद्द आली, आणि हद्दीवर तिचा शेवगा.

"शेवग्याला हात लावायचा न्हाय. सासूनं लावलेला हाय."

"न्हाय लावत, मावशी," वहिदा म्हणाली. "पण तुमची पट्टी जाती थोडी."

"जाऊ दे. पण कडंला हातानं धरायला कठडा कर. ह्या गुडघ्यांनी मी कुणाच्या घरात जाऊ? सगळ्यांची जोती आभाळाला!"

शेवगा राहिला. त्याच्याखाली गेणबानं चढ थोडा सपाट केला, दंडांना विसावा म्हणून. फोडलेल्या पहिल्या चढाचाच राडारोडा दुसऱ्याच्या पोटात भर म्हणून गेला. त्यावर पुन्हा सिमेंट, पुन्हा गोणपाटं, पुन्हा "अगं आई गं".

दार

गल्ली रस्त्यावर जमली. वहिदाच्या मांडीवर पेढ्यांचा डबा. अफजल सवयीनं पुढं वाकला, हात पसरले, आणि पसरलेले हात त्यानं पँटच्या खिशात घातले.

वहिदानं घराच्या मागच्या अंगाला पहिला रेटा दिला आणि खुर्ची चढाला लागली, हळू, मागच्या भिंतीला घासून, ताज्या गिलाव्याच्या वासातून, कोपऱ्यावर वळून, कुशाबाईच्या पट्टीवरून, शेवग्याखाली, जिथं ती थांबली, दम घेतला, ओढणीवरचं फूल झटकलं, आणि पुन्हा, बाजूची खिडकी खांद्याला आली, मग छातीला, पुढच्या कोपऱ्यावर गेणबा श्वास रोखून उभा, त्याच्यासमोरून, त्याच्याकडं न बघता, खाली रस्ता आणि माणसं आणि खिशात हात घातलेला अफजल, आणि दार, बिनउंबऱ्याचं, आणि आत.

दार लागलं. कडी वाजली.

गल्ली वाट बघत राहिली. बराच वेळ.

"अगं ए," कुशाबाई ओरडली, "पेढं घिऊन गेली की ही!"

कडी पुन्हा वाजली. वहिदा दारात होती. डोळे पुसलेले, पण हसत.

"या की आत," ती म्हणाली. "पाहुण्यासारखं रस्त्यात काय उभं राहिलाय?"

पायऱ्या गेणबानं ठेवल्याच नव्हत्या. सगळ्यांना घराला वळसा घालूनच जावं लागलं. सगळ्यांत पुढं कुशाबाई, एक हात कठड्यावर, गुडघ्यांना न धरता.

"सावकाश या, मावशी," आतून आवाज आला. "चहा टाकतीय."