मुठीतली गरसोळी

“कायले काढू? माह्या नवरा जित्ता हाये!” रुख्माने गळ्यातली गरसोळी गच्च धरली. बोदलकशाहून आलेली बाई, नवरा बाहेर बाकावर बसलेला, आणि ही काळे मणी सोडायला तयार नाही.

“अवो बाई, फोटोत मणी येतेत. दे माह्या हातात. खाली नाही ठेवत मी. मीबी सवासीनच हाव ना!” मी माझी गरसोळी काढून दाखवली. तेव्हा कुठे तिने दिली.

गोंदियाच्या या तपासणी केंद्रात मी, शामकला, अकरा वर्षांपासून हेच करते. गरसोळी ट्रेमध्ये ठेवली की बायकांचा जीव वरखाली होतो, आणि बाई हलली की फोटो बिघडतो. म्हणून तिला दिसेल अशी मूठ धरून मी समोर उभी राहते.

खोटं बोलले मी. माझ्या नवऱ्याने, सेवकरामने, नागपुरात दुसरा संसार थाटला होता. पाच महिन्यांपूर्वी तो तिकडेच वारला, मला फोनवर कळलं. तो रविवार होता, घरात एकटीच होते, रडून घेतलं. सोमवारी तीच गरसोळी घालून कामावर आले. विधवेच्या मुठीत कोणती बाई सौभाग्य देईल?

रुख्माच्या दोन्ही तपासण्या झाल्या. आधी छाती पाट्यांमध्ये दाबून मॅमोग्राफी, मग नव्या मशीनवर सोनोग्राफी. छाती दाट असली की पहिल्या फोटोत गाठ लपते, म्हणून दोन्ही सोबत बघतात. रुख्माचं काही निघालं नाही. ती हसत ब्लाउज घालत होती.

“शामकला, चल, आता तू,” आमच्या डॉक्टर दीप्ती मॅडम म्हणाल्या. “दिवाळीपासून गाठ गाठ म्हणतेस. मॅमोग्राफीत तर काही दिसलं नाही.”

मी गरसोळी काढली. रुख्माने लगेच हात पुढे केला. “दे वो माय, मी धरतो.”

बिचारीचा हात तसाच पसरलेला. तिला फसवायला माझा जीव होईना.

“राहू दे बाई. माह्यावाला नाही राहिला. पाच महिने झाले.”

रुख्माचा हात हळूच मागे गेला. स्वतःची गरसोळी तिने पदराने पुसली, एकेक मणी. वाकडं बोलली नाही, पण वळूनही न बघता निघून गेली.

मी माझी गरसोळी ट्रेमध्ये ठेवली आणि आडवी झाले. गार जेल लागलं. मशीनची रुंद पट्टी आपसूक छातीवरून सरकू लागली. एका जागी मॅडमनी ती पुन्हा फिरवली. मग तिसऱ्यांदा. पडदा त्यांनी स्वतःकडे वळवला. मला कळायचं ते कळलं. अशी भ्यायले, की कोणाला तरी हाक मारावीशी वाटली, पण नावच सुचेना.

“पुढच्या तपासणीला नागपूरला जावं लागेल गं,” शेवटी त्या म्हणाल्या. “आणि ही मूठ कशाला आवळलीस? काय आहे हातात?”

मी पाहिलं. मूठ खरंच घट्ट मिटलेली होती.

“काही नाही, मॅडम.”